वसंतदादा आणि कानवाले लोक

वसंतदादांशी भांडून आजवर कोणी जिंकलेलं नाही. भांडण रंगात आलं, समोरच्याच्या तोंडाला फेस यायला लागला, की ते शांतपणे डोळे मिटून घेतात. संपलं भांडण. मग समोरचा हात नाचवो, पाय आपटो, दादांच्या लेखी तो तिथं नसतोच. थोड्या वेळानं ते एक डोळा किलकिला करून बघतात. समोरचा अजून बोलत असेल तर पुन्हा मिटतात.

वसंतदादा माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. तीन वर्षांचे असताना त्यांना मोठा ताप आला आणि तापाबरोबर कान गेले. तेव्हापासून ते हातांनी बोलतात. मी इथं त्यांचं बोलणं साध्या भाषेत लिहिते आहे, पण ते सगळं हातांचं, बोटांचं आणि भुवयांचं आहे असं समजावं. भुवयांचं तर फारच. नुसत्या डाव्या भुवईनं ते माणसाला चहा न पाजता घालवून देऊ शकतात.

ज्यांना ऐकू येतं त्या सगळ्यांना दादांनी एकच नाव दिलं आहे, कानवाले. कानाच्या पाळीला बोट लावायचं आणि तोच हात ओला असल्यासारखा झटकायचा. म्हणजे कान आहेत, पण फुकट गेले. "कानवाल्यांचं असंच असतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. निवडणुकीची भोंगा लावलेली गाडी रायपूरच्या आमच्या पुरानी बस्तीच्या गल्लीत शिरते आणि सगळे कानांवर हात ठेवतात, तेव्हा दादा हसून हसून खाली बसतात. "देवानं दिले तेव्हा घेतले, आता झाकून काहून ठेवता?"

लग्नात तर विचारू नका. बँड सुरू झाला की कानवाल्यांची पंचाईत होते. एकमेकांच्या कानात तोंड घालून ओरडतात आणि तरी "काय? काय?" करत राहतात. दादा आणि त्यांचे मित्र मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात गप्पा मारतात. नवरदेवाच्या मामाचं कुठं बिनसलं, कोणी किती जिलेब्या खाल्ल्या, सगळं. तोंडात घास असला तरी त्यांचं बोलणं थांबत नाही. "तुमचं एकच भोक," ते मला म्हणतात. "त्यातूनच खाता, त्यातूनच बोलता. म्हणून दोन्ही धड होत नाही."

भनपुरीला ट्रकच्या बॉड्या बनवण्याच्या कारखान्यात ते पत्रा ठोकायचं काम करतात. तिथं दिवसभर एवढा ठणठणाट असतो की नवा माणूस आठवड्यात पळतो. दादांना मात्र कारखाना फार आवडतो. "छान शांत जागा आहे," म्हणतात.

मोबाईल आल्यापासून त्यांचं बोलणं दुप्पट झालं. जेवताना मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवतात आणि पलीकडच्या मित्राशी दोन्ही हातांनी बोलतात. एकदा कोणाच्या तरी लग्नाची हकीकत इतकी रंगली की हाताचा धक्का लागून मोबाईल वरणात पडला. दादांनी तो बाहेर काढला, पुसला आणि मित्राला पहिली गोष्ट विचारली, "मध्ये काय काय सांगितलं, पुन्हा सांग."

माणसांना नावं ठेवणं हा त्यांचा हक्क. प्रत्येकाला ते हाताचं एक नाव देतात आणि ते जन्माला चिकटतं. माझे यजमान रमेश गोल बाजारात साडीच्या दुकानात विकायला उभे असतात. दिवसभर बायकांशी मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत बोलून साड्या उलगडायच्या हे यांचं काम. तर यांचं नाव म्हणजे कापड मोजल्यासारखे दोन्ही हात ताणायचे. सासूबाई गुडाखू लावायच्या. गुडाखू म्हणजे तंबाखूचा काळा लगदा, इकडे पुष्कळ बायका तो बोटानं दातांना घासतात. म्हणून आई म्हणजे दातांवरून फिरणारं बोट.

आणि माझं नाव पिन. त्याची गोष्ट सांगते.

माझं लग्न झालं तेव्हा आमच्या घरात सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नाही अशी रीत होती. समोर जाताना डोक्यावर पदर आणि तोंड बंद. मला ही रीत फार बरी वाटली, कारण मला तसंही कोणाशी बोलायचा धीर होत नसे. पण एकदा सासूबाई देवळात गेल्या होत्या आणि दादा तापलेल्या तव्यावर हात टेकायला निघाले. मी पाटावर लाटणं आपटलं, ते वळले, मी तव्याकडे बोट करून बोट भाजल्यासारखं झटकलं. दादांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जशी घरातली खुर्चीच बोलली. त्या दिवसापासून ते मला शिकवायला लागले. भात, वरण, पाणी, पाऊस, शेजारीण, शेजारणीचा स्वभाव.

सासूबाईंनी एक दिवस पाहिलं. मी गारठले. त्यांनी दातांवरचं बोट थांबवून थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तोंड तर नाही न उघडलं तिनं. मग चालते."

पण दादांची तक्रार राहिलीच. माझा एक हात पदर धरण्यात गुंतलेला. ते आईकडे गेले आणि म्हणाले, "ही तोतरी बोलते. अर्धंच कळतं." एका हातानं बोलणं म्हणजे त्यांच्या हिशेबानं तोतरेपणा. सासूबाईंनी मग आपल्या केसांतली पिन काढली आणि माझा पदर डोक्याला पक्का टोचून दिला. दोन्ही हात मोकळे झाले. त्या दिवशी माझं नाव पिन पडलं. तोंडानं मी दिवसभरात जेवढं बोलत नसेन तेवढं दादांशी हातांनी बोलते.

यजमानांचं उलट. यांची भाषा चहा, जेवण, ये, जा, नको, लाईट, बंद इथंच संपते. भाऊ समोर असला तरी हे तोंडानंच बोलतात, तेही जोरात. "दादा, आज उशीर होईन मले." दादा माझ्याकडे बघतात. मी हातांनी सांगते. दादा उत्तर देतात. हे माझ्याकडे बघतात. मी तोंडानं सांगते. एका घरातले दोन भाऊ, आणि त्यांच्यामध्ये मी पोळपाट-लाटणं हातात घेऊन उभी. आधी हे काम सासूबाई करत. लहानपणी यांना थोडंफार यायचं म्हणे, पण पारातले, म्हणजे मोहल्ल्यातले, पोट्टे "मुक्याचा भाऊ" म्हणून चिडवायला लागले, तेव्हा यांनी हात खिशात घातले ते घातलेच.

आता दादांना कानवाल्यांचा सर्वांत जास्त राग कशाचा, ते सांगते. "काही नाही" या शब्दाचा. जेवताना सगळे एकदम हसतात. दादा विचारतात, काय झालं? कोणीतरी रिकामा तळवा हलवतो, काही नाही. फोनवर कोणी रडतं, घरात पळापळ होते, दादा विचारतात, काय झालं? काही नाही, नंतर सांगतो. ते नंतर कधी येत नाही. दादा रिकामा तळवा हलवून यांची हुबेहूब नक्कल करतात आणि म्हणतात, "कानवाले लोक दिवसभर किती बोलतात. आणि कशाबद्दल बोलतात? काही नाही बद्दल."

हे सगळं हसण्यावारी जात होतं, सासूबाई गेल्या तोपर्यंत. त्यांना लकवा मारला आणि दोन्ही हात गेले. तोंड थोडं चालत होतं. पण दादांच्या लेखी हात गेले म्हणजे आई मुकी झाली. ते पायथ्याशी बसून आईच्या ओठांकडे बघत राहायचे. शेवटच्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाणी तापवत होते. हे आईच्या उशाशी, दादा पायाशी. आईचे ओठ हलले, हे वाकून ऐकत होते, आणि त्या गेल्या.

दादांनी आईचं शेवटचं बोलणं पाहिलं, पण ते त्यांना मिळालं नाही. तेराव्यानंतर त्यांनी मला विचारलं, "आई काय म्हणाली? रमेशला विचार." मी विचारलं. हे म्हणाले, "काही नाही. बडबडून राहिली होती." मी दादांना तसं सांगितलं. त्यांनी तो रिकामा तळवा पाहिला आणि त्या दिवशी नक्कल केली नाही. मग दिवाळीत विचारलं. मग वर्षश्राद्धाला. दर वेळी हे उठून जायचे, किंवा दुकानातून फोन यायचा, किंवा "तूच सांग काहीतरी" म्हणून माझ्यावर ढकलायचे.

असं असताना एक दिवस दादा कारखान्यातून आले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात. घरात कोणी दिसलं नाही की ते लाईट चालू-बंद करून हाक मारतात. त्या दिवशी इतक्या वेळा केलं की बल्बच गेला. "पिन," ते म्हणाले, "मी समुद्राच्या तळाला चाललो."

रविवारी संध्याकाळी तलावाच्या काठी न ऐकू येणाऱ्या मंडळींचा अड्डा असतो. तिथं कोणीतरी बातमी आणली होती की विशाखापटनमला पद्मा नावाच्या एक बाई आहेत, त्यांनाही ऐकू येत नाही, आणि त्या आपल्यासारख्यांना पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली नेतात. खाली तोंडात नळी असते, त्यामुळे कानवाल्यांची बोलती बंद. त्यांना चार-दोन खुणा शिकवतात, त्यांवर भागवावं लागतं. "आणि आपण?" दादांचे हात थांबतच नव्हते. "आपण वर बोलतो तसंच खाली. सगळं. मासे कसे, सून कशी, सगळं. पिन, साऱ्या दुनियेत एकच जागा आहे जिथं कानवाले मुके होतात."

अट एक होती. पन्नाशी उलटलेल्यानं घरातलं एक माणूस सोबत पाण्यात आणायचं. मला पोहता येत नाही. हे दोघे भाऊ तलावात पोहूनच मोठे झालेले.

"मी?" हे म्हणाले. "मी काहून? दादा, तुले वेड लागलं का? या वयात बुडाले जाऊन राहिला."

मी ते हातांनी सांगायच्या आत दादांनी डोळे मिटले. या वेळी मात्र उघडले नाहीत. रात्री जेवताना मिटलेले. सकाळी चहा मिटल्या डोळ्यांनीच प्यायले, बशी चाचपून. दुसऱ्या दिवशीही घरात तेच. कामावर जाताना गल्लीच्या तोंडाशी उघडायचे, परत येताना तिथंच मिटायचे. शेजारच्या काकू मला विचारू लागल्या, भैया की आँखें भी गईं क्या.

शेवटी हे वैतागून म्हणाले, "बरं बापा, येतो मी. उघड न डोळे." पण डोळे मिटलेल्या मुक्या माणसाला हो कसं सांगायचं? मी काही मदत केली नाही, कणीक मळत राहिले. हे थोडा वेळ दादांसमोर उभे राहिले. मग यांनी दादांचा हात धरला, तो स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि जोरजोरात मान हलवली. दादांनी लगेच दोन्ही डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कापडवाला हो म्हणाला. तू पाहिलंस."

जाण्याआधी दोघांना कानाच्या डॉक्टरांकडे तपासून यायचं होतं. खाली पाण्याचा दाब कानाच्या पडद्यावर येतो म्हणे, तो बहिऱ्यालाही तेवढाच. डॉक्टरांनी दादांच्या कानात लाईट मारून पाहिला आणि म्हणाले, "पर्दे एकदम बढ़िया हैं. कान साफ हैं." मी सांगितलं. दादांनी मला ते परत सांगायला लावलं. मग आमच्या यांचे कान पाहिले, तर त्यांत मळ निघाला. तीन दिवस तेल घालून पुन्हा यायला सांगितलं. त्या तीन दिवसांत अड्ड्यावरच्या प्रत्येकाला कळलं की वसंतचे कान बढ़िया आहेत आणि त्याच्या कानवाल्या भावाचे तुंबले आहेत. "पन्नास वर्षांत माझ्या कानांचं कौतुक पहिल्यांदा झालं," दादा म्हणाले. "तेही खऱ्या डॉक्टरनं केलं."

रेल्वेत हे वरच्या बर्थवर घोरत होते. खिडकीशी दादा आणि मी. हिरवे डोंगर चालले होते. दादांनी जरा इकडेतिकडे पाहिलं, कोणी हातांची भाषा जाणणारं नव्हतं, तरी हात अगदी लहान करून, मांडीजवळ धरून बोलले. आपण कुजबुजतो तसं.

"खाली मी त्याला विचारणार."

मला कळलं. तरी मी विचारलं, काय?

त्यांनी दातांवरून बोट फिरवलं. "आई काय म्हणाली ते. खाली तू नसशील. दुकानाचा फोन नसेल. त्याला उठून जाता येणार नाही."

"आणि तिथंही ते काही नाही म्हणाले तर?"

दादांनी हात आणखी लहान केले. मग म्हणाले, "मग पुन्हा नाही विचारणार. मग खरंच काही नसेल."

विशाखापटनमला यांची पहिल्या तासातच फजिती झाली. तीन भाषांत साड्या विकणारा माणूस, पण टपरीवाल्याला यांचं हिंदी कळेना, यांना त्याचं तेलुगू कळेना. साधा बिनसाखरेचा चहा सांगता येईना. तिकडे पद्माबाई दादांना आयुष्यात पहिल्यांदा भेटल्या आणि पाचव्या मिनिटाला दोघं जुन्या मैत्रिणींसारखी बोलत होती. काही खुणा वेगळ्या निघाल्या, पण त्या दोघांनी तिथल्या तिथं मिटवून टाकल्या. दादांनी यांच्याकडे पाहून कानाला बोट लावलं आणि हात झटकला.

पद्माबाई पस्तिशीच्या, काटक आणि कडक. त्यांनी पोहण्याच्या टाकीत दोन्ही भावांचा सराव घेतला. श्वास तोंडानं घ्यायचा, कधी कोंडायचा नाही. कान दुखले की नाक दाबून हवा फुंकायची. बोटांचं कडं म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे वर चला. नळीकडे बोट नेलं म्हणजे हवेची अडचण. यांच्यासोबत एक ऐकू येणारे शिक्षक देणार होते, दादांसोबत त्या स्वतः.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून निघालो. मी समुद्र पहिल्यांदा पाहत होते. तो मला फार हलतो असं वाटलं. माझ्या मांडीवर दोघांचे चष्मे, दोघांचे कपडे आणि यांची बंडी. "आंटी, आप नहीं उतरेंगी?" होडीवाल्यानं विचारलं. मी मान हलवली. काळे चुस्त कपडे घालून दोघे भाऊ काठावर बसले होते आणि मागून बघता ओळखू येत नव्हते कोण कोण ते. मग एकेक करून उलटे पाण्यात पडले.

त्यानंतर मला फक्त बुडबुडे दिसत होते. दोन ठिकाणी यायचे, मग ते जवळ जवळ आले. मध्येच एका जागी एकदम खूप बुडबुडे उसळले. होडीवाला वाकून बघायला लागला तशी मी चष्म्यांवर मूठ आवळली. मग पुन्हा शांत झाले.

वर आले तेव्हा दादांचे डोळे लाल होते. ते खारं पाणी असेल म्हणून मी काही विचारलं नाही. हे वर आले आणि बोललेच नाहीत. होडीत बसले, टॉवेल घेतला, किनारा येईपर्यंत एक अक्षर नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना जागेपणी एवढा वेळ गप्प पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले.

किनाऱ्यावर पद्माबाईंच्या ऑफिसात भिंतीवर टीव्ही होता. खाली एक जण कॅमेरा घेऊन असतो, तो प्रत्येकाचा व्हिडिओ काढतो आणि त्यावर एक तेलुगू गाणं चढवून देतो. तिथं बसलेली सगळी मंडळी बघत होती. कॅमेरावाला हसत मला म्हणाला, "अंकल लोग तो नीचे डांस कर रहे थे."

नाचत नव्हते. मला सगळं वाचता येत होतं.

दोघे वाळूवर गुडघे टेकून समोरासमोर होते. प्रत्येकाच्या मागे त्याचा शिक्षक टाकी धरून. हे भेदरलेले. दादांनी विचारलं, "ठीक?" यांनी बोटांचं कडं करायचं, ते विसरले आणि घाबरून आपल्याकडे होते नव्हते ते शब्द काढले. "चहा," हे म्हणाले. "जेवण. नको. चहा." दादांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "चहा वर. इथं मासे."

एक पिवळा मासा दोघांच्या मधून गेला. मग दादांनी आईचं नाव घेतलं. तोंडात नळी होती म्हणून दात सापडेनात, तर ते नळीवरूनच बोट घासू लागले. पद्माबाईंना वाटलं हवा अडली. त्या झटकन पुढे आल्या, दादांचं हवेचं घड्याळ पाहिलं, नळी दाबून पाहिली, डोळ्यांत डोळे घालून विचारलं. दादांनी त्यांना सांगितलं, "हवा आहे. आईबद्दल बोलतो आहे. तुम्ही जरा बाजूला व्हा." आणि पुन्हा नळीवर बोट घासलं. "आई. शेवटी. काय म्हणाली?"

हे इकडे पाहू लागले, तिकडे पाहू लागले. मला शोधत होते. मी वर चष्मे धरून बसलेली. मग यांनी तेच केलं जे घरी करतात. रिकामा तळवा हलवला. काही नाही.

दादांनी डोळे मिटले.

समुद्राच्या तळाला, काचेच्या मागे, मिटलेले डोळे. पद्माबाईंना हे ठाऊक नव्हतं, त्या दादांचा खांदा हलवायला लागल्या. पण त्यांच्याआधी हे पोचले. वर जे एकदम बुडबुडे उसळलेले मी पाहिले, ते यांचे होते. यांनी दादांचा हात पकडला, आपल्या डोक्यावर ठेवला आणि मान हलवली, हलवली, हलवतच राहिले. दादांनी डोळे उघडले.

आणि मग आमचे हे बोलले. लहान मूल पाटीवर लिहितं तसं एकेक अक्षर. नळीवर बोट घासून, "आई." डोक्यावर मूठ उघडून, "लाईट." मग, "बंद." मग, "नको."

आई. लाईट बंद नको.

दादांना पुन्हा विचारावं लागलं नाही. मलाही नाही.

दादांचे कान गेले तेव्हा ते रात्री घाबरून उठायचे. अंधारात त्यांना कोणाचं काही कळायचं नाही, कारण अंधारात हात दिसत नाहीत. म्हणून सासूबाईंनी मधल्या खोलीतला बल्ब रात्रभर चालू ठेवायला सुरुवात केली. वसंता उठला तर त्याला माझे हात दिसले पाहिजेत, म्हणायच्या. दादांना पन्नास वर्षं झाली तरी तो बल्ब चालूच होता. यांना उजेडात झोप येत नाही. त्यावरून मायलेकांची रोज कटकट व्हायची, हे बंद करायला जायचे आणि त्या ओरडायच्या, "लाईट बंद करू नको." शेवटच्या दिवशी त्या तेच म्हणाल्या. यांना वाटलं, नेहमीचंच. काही नाही. आणि त्याच रात्रीपासून हे तो बल्ब बंद करत आले होते.

व्हिडिओत पुढे दोघे नुसतेच बसून आहेत. दादांनी एक हात पुढे करून यांच्या काचेवर चिकटलेलं काहीतरी पुसलं. मग मासे आले आणि गाणं संपलं. ते गाणं कशाबद्दल आहे असं दादांनी मला विचारलं. मी यांना विचारलं, यांनी शेजारच्या माणसाला, तो ओडिशाचा निघाला. कोणालाच कळलं नव्हतं. दादा फार खूश झाले.

रायपूरला आल्यावर त्या व्हिडिओचे प्रयोग झाले. अड्ड्यावरची सगळी मंडळी घरी येऊन बघून गेली. यांची बोली ऐकून, म्हणजे पाहून, पोट धरधरून हसली. "चहा, जेवण, नको, चहा" हे आता तिथं यांचं दुसरं नाव झालं आहे. हे रागावत नाहीत. परवा जेवताना टीव्हीवर काहीतरी पाहून आम्ही हसलो आणि दादांनी विचारलं, काय झालं, तर मी हातातली वाटी ठेवायच्या आत हेच सांगायला लागले. इतकं वाईट सांगितलं की दादांना गाढवाच्या जागी नगरसेवक समजला. पण हसले दोघेही. मी आपली वरण वाढत राहिले.

आणि मधल्या खोलीतला बल्ब. परत आलो त्याच दिवशी यांनी नवा आणून लावला, आधीपेक्षा मोठा, आणि कोणी चुकून बंद करू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी लावली. स्वतः तोंडावर उशी घेऊन झोपतात.

आठवडा झाला असेल. सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. दादा डबा घ्यायला आले. डोळे तांबारलेले, खाली काळी वर्तुळं. हे पलीकडे नळावर दाढी करत होते. दादांनी यांच्याकडे पाठ केली, हात पोटाशी लहान केले आणि मला म्हणाले, "पिन, केवढा मोठा बल्ब आणला यानं. मला उजेडात झोपच येत नाही गं."

माझ्या हातातली राख तशीच राहिली. "मग आई होत्या तेव्हा?"

"तेव्हाही येत नव्हती. मोठा झाल्यापासून कधीच आली नाही. तोंडावर गमछा घ्यायचो. तिला सांगून काय करू? तिनं माझ्यासाठी लावलेला." मग बोट उगारून म्हणाले, "त्यालाही सांगायचं नाही."

डबा उचलून ते भनपुरीला गेले. यांनी तोंडाचा फेस पुसत मान वळवली. "काय म्हणून राहिला होता दादा?"

माझे हात राखेनं भरलेले होते. मी एक तळवा वर केला आणि हलवला.